जास्तीचं ऑइल

१

माझ्या गाडीमागून धूर येतोय हे मला एका सायकलवाल्याने सांगितलं. सिग्नलला तो माझ्या खिडकीशी थांबला, काचेवर टकटक केली आणि म्हणाला, "ताई, जरा मागे बघा." आरशात पाहिलं तर मागचा रस्ताच गायब. निळसर पांढरा धूर, आणि त्यातून वाट काढत शिव्या घालणारे दोन मोटरसायकलवाले.

मी घरोघरी जाऊन पेशंट बघणारी नर्स. ड्रेसिंग, इंजेक्शनं, सलाइन हे माझं काम, आणि गाडी म्हणजे माझा निम्मा दवाखाना. कामाच्या रगाड्यात तिचं सर्व्हिसिंग फारच लांबलं होतं. शेवटी मनावर घेतलं आणि आदल्याच दिवशी शोरूमच्या वर्कशॉपमधून ती सर्व्हिसिंग करून आणली. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, ब्रेक तपासले, वर धुऊनपुसून चकचकीत करून दिली. घरी येताना दुसऱ्या गिअरमध्ये एक बारीक गुणगुण ऐकू आली होती. टायरचा आवाज असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आता मात्र गाडी कडेला घेतली, बंद केली आणि इंजिन जरा निवल्यावर बॉनेट उघडलं. गाडीतलं जे थोडंफार मला कळतं ते मावशीच्या कृपेने. डिपस्टिक ओढली, बॅगेतल्या गॉझने पुसली, परत घातली, परत काढली. पट्टीवर दोन खुणा असतात, ऑइल त्यांच्या मध्ये असावं लागतं. इथे ते वरच्या खुणेला केव्हाच मागे टाकून पार वरपर्यंत चढलं होतं. गॉझ काळाकुट्ट झाला. तो मी सवयीने पिशवीत बांधून बॅगेत टाकला. आमच्या कामात वापरलेला गॉझ रस्त्यावर टाकत नाहीत.

वर्कशॉपला फोन केला. त्यांची गाडी आली आणि माझी उचलून घेऊन गेली. मी टॅक्सीने उरलेले पेशंट उरकले आणि संध्याकाळी घरी पोचले, तर घरात निराळाच धूर.

नवरा हॉलमध्ये उभा होता. समोर बंडू, म्हणजे माझा दीर, हातात टॉवेल घेऊन. नुकताच कामावरून आला होता.

"शोरूमच्या ॲडव्हायझरचा फोन होता," नवरा मला म्हणाला. "ते म्हणतात, आम्ही मोजून ऑइल भरलं. जास्तीचं घरी कुणीतरी ओतलंय. डिकीत ऑइलचा अर्धा डबा सापडलाय. आता या घरात ऑइलचा डबा घेऊन कोण फिरतं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं का?"

बंडूला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत हे खरं. मिक्सर, पंखा, इस्त्री, दिसेल ते तो उघडतो, आणि त्याने जोडलेल्या प्रत्येक वस्तूतून दोन स्क्रू उरतात. त्या स्क्रूंनी एक बरणी भरली आहे.

"डबा माझा आहे," बंडू म्हणाला. "माझ्या मोटरसायकलला अर्धा घातला आणि उरलेला डिकीत ठेवला. वहिनीच्या गाडीचं बॉनेटसुद्धा मी उघडलेलं नाही."

"मग काय ऑइलला पाय फुटले?"

"दादा, मी सांगतोय ना."

"तू मिक्सरच्या वेळीही हेच सांगत होतास."

बंडूने टॉवेल खुर्चीवर ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. जेवला नाही. रात्री परतही आला नाही, मित्राकडे राहिला.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "गेला का रे तो? उद्या मला न्यायला येणार होता ना?"

उद्या सासूबाईंना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी घाटापलीकडच्या इस्पितळात दाखल करायचं होतं. महिनाभराने मिळालेली तारीख. दोघं भाऊ मिळून नेणार होते, माझ्याच गाडीतून.

२

सकाळी मी मावशीला फोन केला. बंडूवर आळ आला होता आणि मला तो पटत नव्हता, एवढंच मी सांगितलं. "आलेच," म्हणाली आणि तासाभरात दारात हजर.

माझी मावशी विमा कंपनीत सर्व्हेअर होती. ठोकलेल्या, जळलेल्या, नदीत बुडालेल्या गाड्यांसमोर उभं राहायचं आणि मालक सांगतोय त्यात खरं किती ते शोधायचं, यात तिचा जन्म गेला. आता निवृत्त झाली आहे. पण समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर तोडायची सवय गेलेली नाही.

नवरा तेव्हा घरात नव्हता. वर्कशॉपमधून फोन आला होता की जास्तीचं ऑइल काढून टाकलं आहे, गाडी ठणठणीत आहे, घेऊन जा. तो तिकडे गेला होता. गाडी घेऊन तो येणार, सासूबाईंना बसवणार आणि तसाच निघणार. इस्पितळात सोबत एकच माणूस चालत होता, आणि मला दुपारनंतर पेशंट होते.

"तू पट्टी कशाने पुसलीस?" मावशीने विचारलं.

"गॉझने."

"टाकलास?"

मी बॅगेतून पिशवी काढली. मावशीने गॉझ उलगडला, खिडकीपाशी नेला, दोन बोटांत ऑइल चोळलं, मग वास घेतला. चहा घेऊन आलेल्या सासूबाई ते बघत उभ्या राहिल्या. म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं बघत.

"पेट्रोलचा वास नाही," मावशी म्हणाली. "पाणी मिसळलं असतं तर दुधाळ झालं असतं, तसंही नाही. मग हे निव्वळ ऑइल आहे. पण काय गं, परवाच बदललं ना?"

"हो."

"मग इतकं काळं कसं?"

 नवीन ऑइल मधासारखं असतं हे मलाही माहीत होतं. काल रस्त्यात उन्हातान्हात ते सुचलं नव्हतं इतकंच.

"चहा परतल्यावर घेऊ," मावशी म्हणाली आणि चपला घालायला लागली. "आधी वर्कशॉप."

३

आम्ही वर्कशॉपला पोचलो तेव्हा नवरा गाडी घेऊन निघूनही गेला होता. वाटेत चुकामूक झाली असावी.

ॲडव्हायझर तरुण, गुळगुळीत दाढीचा, इस्त्रीच्या शर्टातला. आम्हाला काचेच्या केबिनमध्ये बसवलं, थंड पाणी दिलं. ज्या आपुलकीने तो बोलत होता त्यावरून आम्ही लवकर जावं अशी त्याची इच्छा दिसत होती.

"मॅडम, विषय संपलाय. आम्ही एक पैसा न घेता जास्तीचं ऑइल काढून दिलं. घरच्या माणसांकडून होतं असं. आम्ही मनावर घेत नाही."

"मोठं मन आहे तुमचं," मावशी म्हणाली. "किती काढलंत?"

"म्हणजे?"

"जास्तीचं ऑइल. किती निघालं?"

"साडेतीन लिटरच्या आसपास."

"आणि या गाडीत ऑइल बदलताना नवीन किती भरता?"

"साडेतीन," तो म्हणाला. आणि पाण्याच्या ग्लासाकडे बघायला लागला.

"तो डिकीतला डबा दाखवा बरं."

डबा आला. एक लिटरचा. मावशीने तो हलवून पाहिला, टेबलावर ठेवला आणि डब्याकडे बोट दाखवलं. "यात अर्धा लिटर शिल्लक आहे. म्हणजे गेलेलंही अर्धाच लिटर. यातून साडेतीन लिटर ओतायचं तर जादूगारच लागेल. आमचा बंडू मिक्सर बिघडवतो, जादू करत नाही."

माझ्या छातीवरचं ओझं तिथेच निम्मं उतरलं. मी लगेच बंडूला फोन लावला. त्याने उचलला, पण ताठ आवाजात "बोला वहिनी" म्हणाला. मी म्हटलं, तू सुटलास, वर्कशॉपला ये. तो "बघतो" म्हणाला, आणि त्या "बघतो"त तो निघाला आहे हे मला कळलं.

"ठीक आहे," ॲडव्हायझर म्हणाला. "मशीनने दोनदा भरलं गेलं असेल. होते चूक. पण आता काढलं ना."

"दोनदा नवीन भरलं असतं तर सगळंच मधासारखं दिसलं असतं," मावशीने गॉझची पिशवी टेबलावर ठेवली. "हे बघा. जुनं ऑइल आतच आहे. ते काढलंच नाही, आणि वर नवीन घातलं."

"शक्य नाही. ऑइल सोडलं तेव्हा मी स्वतः तिथून गेलो होतो. गाडी वर चढवलेली होती आणि खाली जुनं ऑइल गोळा करायच्या ट्रॉलीत धार लागलेली होती. मी बघितलंय."

मावशीच्या कपाळावर आठी पडली. ॲडव्हायझर या वेळी खोटं बोलत नव्हता, ते मलाही दिसत होतं.

जुनं ऑइल गाडीतच होतं. आणि जुनं ऑइल सोडताना एका माणसाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

४

माझ्या गाडीचं सर्व्हिसिंग केलेला मेकॅनिक चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, घाबरगुंडी उडालेला. सकाळीच त्याला मॅनेजरने झापलं होतं. महिन्यापूर्वी तो दुसऱ्या कंपनीच्या वर्कशॉपमधून इथे लागला होता आणि अजून कायम झाला नव्हता. ही नोकरी गेली तर पुन्हा दारोदार फिरावं लागलं असतं.

"मी ऑइल सोडलं मॅडम," तो हात पुसत म्हणाला. "पोरांची शपथ."

"शपथ नको," मावशी म्हणाली. "मला तुम्ही खोटे वाटत नाही. कसं सोडलंत ते सांगा."

"गाडी वर घेतली. खालचा बोल्ट खोलला. ऑइल ट्रॉलीत सोडलं. पार थेंब थेंब होईपर्यंत थांबलो. बोल्ट लावला, गाडी खाली घेतली. वरून फिल्टर बदलला, मशीनने साडेतीन लिटर भरलं."

"ट्रॉलीत किती पडलं?"

"ते नाही कळत. सगळ्या गाड्यांचं एकाच टाकीत जातं."

"भरल्यावर पट्टी बघितलीत?"

त्याने मान खाली घातली. "मशीन मोजून देतं. आणि सरांनी गाडी मागितली."

ॲडव्हायझरने खोकल्यासारखं केलं.

"बरं," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. हा आवाज मला ओळखीचा आहे. लहानपणी मी बरणीतली साखर खाल्ली होती तेव्हा तो ऐकला होता. "तुम्ही सोडलेलं ऑइल होतं कसं? आठवतंय?"

मेकॅनिकचा चेहरा जरा उजळला. निदान या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं. "चांगलं होतं मॅडम. मला नवलच वाटलं. एवढ्या लांबलेल्या सर्व्हिसिंगची गाडी, आणि ऑइल अगदी स्वच्छ, पिवळसर. मनात म्हटलं, या ताई गाडी जपून चालवतात. फक्त वास जरा उग्र होता."

मावशी उठून उभी राहिली.

"तुझा नवरा कुठे पोचला असेल?" तिने मला विचारलं.

"घरून निघाले असतील. घाटाच्या रस्त्याला."

"फोन लाव. म्हणावं जिथे असशील तिथे थांब. त्या गाडीत ऑइल नाहीये."

"ऑइल तर जास्त होतं ना?" ॲडव्हायझर गोंधळून म्हणाला.

"इंजिनात जास्त होतं," मावशी म्हणाली. "मी इंजिनाबद्दल बोलत नाहीये."

५

नवरा गाडी चालवताना फोन उचलत नाही. ही त्याची चांगली सवय आहे आणि त्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला. सासूबाईंचा फोन लावला, तो घरीच वाजत राहिला असणार. त्यांना आकडे दिसत नाहीत म्हणून त्या तो नेतच नाहीत.

इतक्यात बंडू मोटरसायकलवरून आला. हेल्मेट न काढताच त्याने विचारलं, "काय झालं?"

मावशीने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. गिअरबॉक्समध्ये ऑइल नाही. घाट चढताना गिअर तापून जाम झाले तर चाकं वाटेल तिथे अडकतील, वळणावर, उतारावर, कुठेही.

बंडूने एकही प्रश्न विचारला नाही. काल कोण काय बोललं, कुणाची चूक, काही नाही. मोटरसायकल वळवली आणि गेला.

आम्ही वर्कशॉपच्या व्हॅनमधून त्याच्या मागे निघालो. मेकॅनिक चालवत होता, बाजूला मावशी, मागे मी. 

"मॅडम, मी गिअरबॉक्सचा बोल्ट खोलला ना?" शेवटी त्याने स्वतःच विचारलं.

"हो. इंजिनाचं ऑइल असतं तर काळं निघालं असतं. एवढी चाललेली गाडी, तिचं ऑइल पिवळं राहूच शकत नाही. गिअरचं ऑइल राहतं. आणि त्याला उग्र वास असतो, तुम्हीच म्हणालात. आधीच्या वर्कशॉपमधल्या गाड्यांना इंजिनाचा बोल्ट कुठे असायचा?"

तो विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "डावीकडे. इथे डावीकडे गिअरबॉक्स येतो."

"हाताची सवय नडली."

मला ती गुणगुण आठवली. दुसऱ्या गिअरमधली. मी ती सांगितली तेव्हा मावशीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पण रागावली नाही. "कोरडे गिअर असेच आवाज करतात," एवढंच म्हणाली.

"आणि जास्तीचं ऑइल काढलं तेव्हा धूर थांबला," मेकॅनिक स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "सगळ्यांना वाटलं, झालं."

"तेच तर वाईट. धूर होता तोवर गाडी बोलत होती. तुम्ही तिचं तोंड बंद केलंत."

 शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंची गोदामं संपली, समोर डोंगर दिसायला लागला. मी दर वळणाला पुढे वाकून बघत होते आणि जे दिसू नये असं वाटत होतं तेच मला दिसत होतं, रस्त्याच्या कठड्याला आडवी झालेली माझी पांढरी गाडी. प्रत्येक वेळी ती दुसरीच काहीतरी निघायची.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बंडूचा नंबर. मला तो उचलवेना. मावशीने हात मागे करून फोन घेतला आणि कानाला लावला. ऐकत राहिली. तिच्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं.

६

"पेट्रोल पंपावर आहेत," ती म्हणाली. "घाटाच्या अलीकडच्या. सगळे धड आहेत."

मी तिथेच व्हॅनच्या सीटवर रडले. मेकॅनिकने गाडी न थांबवता एका हाताने डोळे पुसले.

पंपावर पोचलो तर दृश्य असं. पंपवाल्याने दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत सासूबाई सावलीला बसलेल्या, मांडीवर पिशवी, चेहरा ठाम. समोर गाडी. नवरा गाडीला टेकून उभा आणि बंडू त्याच्याशेजारी. दोघांच्या हातात चहा. नवऱ्याचा फोन गाडीतच पडून होता, आमचे कॉल त्याने पाहिलेही नव्हते.

"काय झालं आई?" मी विचारलं.

"अगं, गाडी कण्हत होती," सासूबाई म्हणाल्या. "निघाल्यापासून. याला म्हटलं, थांब. तर म्हणे, आई तुला भास होतोय, आत्ताच दुरुस्त करून आणलीय. मला दिसत नाही म्हणून ऐकूही येत नाही असं वाटतं याला. मी म्हटलं, घाट लागायच्या आत मला उतरव, नाहीतर चालत्या गाडीतून उतरते. मग थांबवली."

"अर्धा तास झाला बसल्या आहेत," पंपवाला कौतुकाने म्हणाला. "साहेबांनी खूप विनवण्या केल्या. ऐकेचनात."

मावशीने सासूबाईंसमोर जाऊन हात जोडले. सासूबाईंना ते दिसलं असेल की नाही, कुणास ठाऊक.

मेकॅनिक गाडीखाली शिरला. या वेळी त्याने जाणूनबुजून गिअरबॉक्सचा बोल्ट सैल केला. खाली बादली धरली होती. धार आलीच नाही. चहाच्या कपात मावेल एवढं ऑइल टपकलं, कढत आणि करपल्या वासाचं. तो तसाच पाठीवर पडून राहिला. मग बाहेर येऊन नवऱ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, चूक माझी आहे. तुमच्या भावाची नाही."

नवऱ्याने चहाचा कप गाडीच्या टपावर ठेवला. तो माफी मागणाऱ्यांतला नाही. आमच्या लग्नानंतर मी त्याच्या तोंडून ती एकदाही ऐकलेली नाही. तो बंडूकडे वळला, काही बोलणार असं वाटलं, मग त्याने नुसतंच बंडूच्या शर्टावरची धूळ झटकायला सुरुवात केली. खांदा, बाही, पाठ. धूळ केव्हाच गेली होती तरी झटकत राहिला.

"पुरे दादा," बंडू म्हणाला. "शर्ट फाटेल."

७

सासूबाई दोघा मुलांबरोबर टॅक्सीने गेल्या. इस्पितळाने एकाच माणसाचा नियम सांगितला तेव्हा बंडू म्हणे बाहेरच्या बाकावर बसला आणि उठलाच नाही. नर्सने शेवटी नाद सोडला.

आमची गाडी व्हॅनला बांधून वर्कशॉपला परत आणली. इंजिनातलं कालवलेलं ऑइल पूर्ण काढलं, इंजिन तपासलं, नवीन ऑइल भरलं आणि या वेळी पट्टी सगळ्यांसमोर पाहिली. गिअरबॉक्स उघडला. मॅनेजर, ॲडव्हायझर आणि तीन मेकॅनिक डोकी आत घालून उभे होते, एखाद्या बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे राहावं तसे.

"दात शाबूत आहेत," त्यातला एक म्हातारा मेकॅनिक म्हणाला. "एक बेअरिंग गेलंय. घाट चढली असती तर काही उरलं नसतं."

मॅनेजरने बेअरिंग कंपनीच्या खर्चाने बदलायचं कबूल केलं. मग तो नव्या मेकॅनिककडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून पुढचं वाक्य काय असणार ते सगळ्यांना कळलं.

"एक मिनिट," मावशी म्हणाली. "या माणसाने बोल्ट चुकीचा खोलला, खरं आहे. पण ऑइल कसं होतं हे त्याने जसंच्या तसं सांगितलं. काळं होतं असं म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. मला पुढे काही सापडलं नसतं. आणि तुमच्या या साहेबांनी काही न तपासता एका घरच्या माणसाचं नाव पुढे केलं. काढायचंच असेल कुणाला, तर नीट विचार करून काढा."

 मॅनेजरने ॲडव्हायझरला केबिनमध्ये बोलावलं आणि मेकॅनिकला सांगितलं, "उद्यापासून भरल्यावर पट्टी. मशीन काहीही म्हणो." मेकॅनिकने मान हलवली. आम्ही निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला आणि टॅक्सी मिळेपर्यंत उन्हात उभा राहिला.

टॅक्सीत मावशीने डोळे मिटले. "दमले गं," म्हणाली. "जळलेली गाडी परवडते. तिला कुठे पोचायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी बसने इस्पितळात गेले. ऑपरेशन छान झालं होतं. संध्याकाळी डॉक्टरांनी सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा आम्ही तिघं पलंगाशी उभे होतो. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग माझ्याकडे पाहून हसल्या. बंडूला जवळ बोलावून त्याच्या गालावरून हात फिरवला.

मग त्यांची नजर नवऱ्यावर गेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ त्या बघत राहिल्या. नवरा हळवा झाला, जरा पुढे वाकला.

"अरे," सासूबाई म्हणाल्या, "तुला टक्कल कधी पडलं?"

बंडू इतका हसला की शेजारच्या पलंगावरचे आजोबा जागे झाले, आणि थोड्या वेळाने नवराही हसायला लागला.